दशावतारी गंजीफा

गोल पत्त्यांनी खेळावयाचा एक बैठा खेळ. दरबारी राज्यव्यवस्थेवर आधारलेल्या मोगल गंजीफ्याचे विष्णूच्या दहा अवतारांच्या पौराणिक विश्वात झालेले हे रूपांतर होय. महाराष्ट्रात सावंतवाडी हे त्याचे प्रमुख केंद्र असून बंगालमधील विष्णुपूर येथे व ओडिशातही असे पत्ते तयार होतात.

इतिहास : बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजीफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. आईन-इ-अकबरीत अबुल फज्लने बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या खेळाचे वर्णन केले आहे. त्यात अश्वपती, गजपती यांच्याबरोबरच देवांचा सुरपती व नागांचा अहिपतीही आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजीफ्यात आठ रंग व ९६ पत्ते असून ताज, शमशेर, सुर्ख (सुवर्णनाणे), सफेद (रौप्यनाणे), बरात (हुंडी) इ. रंगांची नावे दरबार व खजिना यांवरून आलेली आहेत.

स्वरूप : दशावतारी गंजीफ्यात दहा रंग व १२० पत्ते असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांचे पत्ते असतात. राजाच्या पत्त्यावर अवताराचे चित्र असते. अंक मासा, कासव, परशू यांसारख्या चिन्हांनी दाखवितात. रूपांतरात खेळाची मूळ रचना मात्र कायम राहिली. निम्म्या रंगांत अंकांचा श्रेष्ठताक्रम उलटा असतो. मोगल खेळात दिवसा सुर्खाने व रात्री सफेदाने डाव सुरू होतो. येथे तो मान अनुक्रमे सूर्यवंशी राम व चंद्रवंशी कृष्ण यांना मिळाला. तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पत्ते वाटतात. हुकमाचा रंग नसल्याने पडून गेलेले पत्ते ध्यानात ठेवण्यावरच डावाची भिस्त असते.

निर्मिती व ऱ्हास : चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या गोल चकत्यांवर हाताने चित्रे रंगवून त्यांवर लाखेचा लेप देतात. छापील ५२ पत्त्यांचा स्वस्त जोड सर्वत्र मिळू लागल्यावर या श्रमसाध्य संचांची मागणी घटली व चितारी कारागीर अन्य कामांकडे वळले. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. सत्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाल्यानंतरही तेथे पत्ते रंगविले जातात. तथापि हे संच मुख्यत्वे संग्रहासाठी व भेटीदाखल घेतले जातात. नियमानुसार खेळ जाणणारे थोडेच उरले आहेत.