हरलेल्याची सही

रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतल्याशिवाय मराठेशाहीतल्या न्यायाची गोष्ट पुढे सरकत नाही. नारायणरावाच्या खुनाबद्दल थेट राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण पाटीलकीवरून भांडणारे भाऊबंद किंवा शिवेवरून हमरीतुमरीवर आलेली दोन गावं काही रोज रामशास्त्र्यांपुढे उभी राहत नव्हती. त्यांचा निवाडा व्हायचा गोतसभेत.

गोत म्हणजे नुसते नातलग नव्हेत. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, शेजारगावचे वतनदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे अशी सगळी मंडळी त्यात येत. सोबत दिवाण, म्हणजे सरकारी अधिकारीही बसत. या कामाला कागदोपत्री शब्द होता ‘मनसुबी’. आज मनसुबा म्हटलं की मनातला बेत आठवतो, तेव्हा मनसुबी म्हणजे दोघांचं ऐकून खरंखोटं ठरवणं. इन्साफ आणि मुन्सफ हे शब्दही याच घराण्यातले.

कामाची सुरुवात मोठी चलाखीची होती. अग्रवादी आणि पश्चिमवादी (फिर्याद करणारा आणि तिला उत्तर देणारा) आपापली तक्रीर (म्हणणं) लिहून देत, जामीन देत आणि मग राजीनामा लिहीत. हा राजीनामा पद सोडण्याचा नव्हे. ‘गोत जे ठरवील त्याला आम्ही राजी’, अशी ती आगाऊ कबुली. आपल्या गावचं गोत प्रतिपक्षाच्या खिशात आहे असा संशय असेल तर दुसरं थळ मागता येई आणि तंटा परगावच्या सभेपुढे जाई.

साक्षीदाराला नदीच्या पाण्यात उभं करत किंवा बेलभंडार (बेलाची पानं आणि भंडारा) उचलायला लावत. खोटं बोललास तर बेचाळीस पूर्वज नरकात जातील, ही ताकीद वर. शिवेच्या तंट्यात महाराच्या शब्दाला वजन असे, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. एरवी त्याला लांब उभं करणारं गाव इथे मात्र त्याच्या तोंडाकडे बघत बसे.

कागद नाही, साक्षही जुळत नाही, अशा वेळी दिव्य, म्हणजे दैवी कसोटी. रवादिव्यात हात साबणाने धुऊन, नखं काढून पिशवीत बांधत आणि वर मोहोर लावत. मग उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा आणि हात पुन्हा मोहोरबंद पिशवीत. पुढे ती सर्वांसमक्ष उघडून भाजल्याच्या खुणा पाहायच्या. आपल्याला हे अघोरी वाटतं आणि ते अघोरीच होतं. तरी हाताला आधीच काही चोपडलेलं नाही ना, याची ही काळजी पाहिली की मंडळी दैवावर सगळं सोडून मोकळी होत नसत, हेही कळतं.

निकालाचा कागद म्हणजे महजर. हा शब्द ‘हजर’चाच भाऊ, म्हणून सुरुवातीला हाजिर मजलसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची, लांबलचक यादी असे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. जिंकणारा सरकारात हरकी (जिंकल्याच्या आनंदाची रक्कम) भरी, हरणारा गुन्हेगारी (दंड). तंटा कोणीही जिंको, सरकारची पेटी भरतच होती.

या सगळ्यात मोलाचा कागद मात्र यजितखत. हरलेल्याने प्रतिपक्षाला लिहून द्यायचं, की मी खोटा झालो, वतनाशी, म्हणजे त्या वंशपरंपरागत हक्काशी, माझा संबंध नाही. नुसता हुकूम पुरेसा नव्हता, हरलेल्याच्या तोंडून हार वदवून घ्यावी लागे. ती कबुली खुशीने दिलेली असेच असं नाही. वतन म्हणजे पोटापाण्यापेक्षा मानपानाची गोष्ट, त्यामुळे राज्य किंवा अधिकारी बदलला की जुना तंटा नातू पुन्हा उकरून काढी. मग आजोबांचा महजर पेटीतून बाहेर येई, आणि कधीकधी बनावट महजरही. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो अशाच कागदांच्या आधारावर.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांचा अंमल आला. त्यांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याला निवाडा करणाऱ्या या सभा, म्हणजे पंचायती, मोडायच्या नव्हत्या, 1819 च्या अहवालात त्याने त्यांची बाजूच घेतली होती. पण पंचांना बोलावून बसवणारी, निकाल अमलात आणणारी जुनी सत्ता राहिली नव्हती आणि बिनपगारी पंच किती दिवस खोळंबणार? 1827 च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात अदालतींची घडी बसली. आता अदालतीचा हुकूमनामा पुरेसा होता, यजितखताची गरज उरली नाही.