तालमीतून खाटेपर्यंत

सोलापुरात पत्ता सांगताना आजही तालमीचं नाव येतं. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. गिरण्यांच्या या गावात व्यायाम म्हणजे जोर, बैठका आणि लाल मातीतली मेहनत. आणि तो धडधाकट माणसानं करायचा. आजाऱ्यानं पडून राहायचं. अर्धांगवायू झालेल्याला कुणी व्यायाम सांगितला असता, तर माझ्या आजोबांच्या पिढीला ती थट्टाच वाटली असती. मग हा शब्द तालमीतून रोग्याच्या खाटेपर्यंत आला कसा? हे शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की हा जितका वैद्यकाचा इतिहास आहे तितकाच रोग्याशेजारी बसणाऱ्या दुसऱ्या माणसाचाही आहे.

आपल्या जुन्या वैद्यकात पक्षाघातावर अंग चोळणं होतं, व्यायाम नव्हता. चरकसंहितेत अतिव्यायाम हे वात बिघडण्याच्या कारणांमध्येच येतं, आणि पक्षाघातावर उपाय येतात ते स्नेहन, स्वेदन, विरेचनाचे. गावोगावी त्याचं घरगुती रूप उरलं: तेल, शेक, चोळणं. जोडीला कबुतराच्या रक्तासारखे अघोरी प्रकारही आले. या सगळ्यात एक गोष्ट समान होती. जे करायचं ते दुसऱ्यानं. रोग्यानं फक्त सोसायचं.

रोग्यानं स्वतः काही करायचं, ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात मूळ धरू लागली. स्वित्झर्लंडमधल्या हायडन गावी हाइनरिख फ्रेंकेल हे डॉक्टर तोल गेलेले रोगी तपासत. नाकाला बोट लावायच्या चाचणीत नापास झालेला एक रोगी घरी सराव करून आला आणि पुढच्या वेळी पास झाला, असं सांगतात. त्यावरून फ्रेंकेल यांनी व्यायामांची मालिका बांधली. हालचाल सावकाश करायची, डोळ्यांनी पाहत, मोजत, पुनःपुन्हा. त्यात ताकदीला फारसं स्थान नव्हतं. भर होता तो शिकण्यावर.

आपल्याकडे हा धागा वेगळ्या वाटेनं आला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांनी मोजायला घेतलं. मार्च 1927 मध्ये महात्मा गांधी खादीच्या दौऱ्यावर कोल्हापुरात असताना कोसळले. रक्तदाब फार वाढला होता आणि पक्षाघाताचं भय होतं. दौरा थांबला, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. त्याच काळात गांधींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, आसनं करून पाहिली आणि रक्तदाबाचे आकडे त्यांना पत्रांतून कळवले. सोलापूरच्या सांगोल्याला लागून असलेली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. त्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी निरोग्यांना सूर्यनमस्कार शिकवत होते, त्याच दशकात रोगी माणूसही व्यायाम करू शकतो, हा विचार मराठी मुलखात असा चाचपून पाहिला जात होता.

पण धंदा म्हणून, शिक्षण म्हणून हे काम उभं राहिलं ते पोलिओमुळे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. पोलिओनं लुळ्या पडलेल्या मुलांसाठी शिकलेले हात पुढे अर्धांगवायूच्या रोग्यांनाही लाभले. सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली आलं. ‘फिजिओ’ हा शब्द घराघरांत रुळायला आणखी बराच काळ गेला.

तोवर विज्ञानही पुढे सरकलं होतं. एडवर्ड टाउब या अमेरिकी शास्त्रज्ञाला माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अधू हात वापरून अपयश आलं की प्राणी तो वापरायचंच सोडतो. हात न वापरणं तो शिकतो. म्हणून निवडक रोग्यांमध्ये चांगला हात मोज्यात अडकवून अधू हाताला कामाला लावायची पद्धत निघाली. म्हणजे गमावलेल्या हालचालीचा काही भाग सवयीनं गमावलेला असतो, आणि तो सरावानं परत मिळू शकतो.

आता हे सोलापुरात आणून पाहा. विडी वळणारी बाई हजारी विड्यांच्या हिशोबानं मजुरी घेते. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, सगळं बोटांच्या टोकांचं काम. तिचा उजवा हात गेला की घरातली मजुरीच गेली. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिथून रोज रिक्षानं फिजिओकडे येणं परवडणार कुणाला? मग दवाखान्यातून मिळतो चित्रांचा कागद, आणि शिकवायचं काम सुनेवर येतं. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर हात पुढे-मागे सरकवणं, दोन्ही हात गुंफून वर नेणं, खुर्चीतून उठणं-बसणं. टॉवेलच्या या गावात साधन तरी घरचंच आहे. पण लुळ्या हाताला धरून ओढलं तर खांदा निखळू शकतो, हे त्या चित्रातून कळेलच असं नाही.

घरच्यांनी व्यायाम करून घेतले तर भागेल का, याची पाहणी भारतातच झाली. ‘अटेंड’ नावाच्या या अभ्यासात 14 रुग्णालयांतले 1,250 रोगी होते. निष्कर्ष 2017 साली ‘लान्सेट’मध्ये आले. कुटुंबाला प्रशिक्षण दिलेल्या गटात सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले 47 टक्के होते, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातही 47 टक्केच. स्वस्तातला मार्ग हाती लागेल या आशेला तो धक्काच होता.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी, असा मी काढत नाही. सुनेची माया कमी पडली, असा तर मुळीच नाही. तालमीतही नुसत्या जोर-बैठकांनी पैलवान होत नाही. चूक दिसताच टोकणारा वस्ताद लागतो. खाटेपर्यंत व्यायाम आला, पण वस्ताद मात्र शहरातल्या दवाखान्यातच राहिला. तो कुंभारीपर्यंत पोचत नाही, तोवर रोजचा अर्धा तास सूनच देणार आहे. आणि तीही विड्या वळत असेल, तर त्या अर्ध्या तासात किती विड्या झाल्या असत्या, हा हिशोब तिला कुणी शिकवावा लागत नाही.