जुळवलेली मोटार आणि घडवलेली मोटार

श्रोतेहो, गावच्या सुताराकडून बैलगाडी करवून घेणे निराळे आणि चाके, आख, जू तयार आणून दारात जुळवणे निराळे. धावतात दोन्ही, पण चाक मोडले म्हणजे फरक कळतो. मुंबईत कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन मोटारींची कथा अशीच आहे बघा.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातली प्लिमथ घ्या. लांबरुंद, ऐसपैस, सहा सिलिंडरांचे, साडेतीन लिटरांवरचे इंजिन आणि ९५ अश्वशक्तीचा जोर. पण भाग आले सातासमुद्रापलीकडून. कुर्ल्याने केली ती मुख्यतः जुळवणी.

पुढे १९५३ साली सरकारने धोरण ठरवले: ज्यांना सुटे भाग इथे बनवायचे असतील त्यांनीच राहावे. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली काम आवरले. प्रीमियर मात्र राहिली.

त्याच कुर्ल्यातून १९६४ साली आली फियाट ११०० डिलाइट. आराखडा इटलीचा. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, जोर सुमारे ४० अश्वशक्ती. म्हणजे प्लिमथच्या निम्म्याहूनही कमी! गिअरचा दांडा दोघींचाही स्टिअरिंगपाशीच. पण फियाट पेट्रोल बेताने पिई, अरुंद गल्लीत सहज वळे. आणि खरी गोष्ट म्हणजे तिचे भाग हळूहळू इथेच घडू लागले, मिस्त्र्यांचे हात तिच्यावर बसले. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली.

मग सारे चांगलेच झाले का? तसेही नाही. परदेशी गाड्यांना देशाची दारे बंद. त्यामुळे गिऱ्हाइकाने नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे आणि गाडी मात्र होती तशीच मिळावी. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली नि पद्मिनीचे वय एकदम दिसू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली.

तेव्हा गुरुजी, मुलांना एखादे यंत्र दाखवाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. हे आपण जुळवले, की घडवले? आणि घडवले असेल, तर पुढे सुधारत राहिलो का? पहिल्या प्रश्नाला पद्मिनी उतरली, दुसऱ्यापाशी अडली.