अलेटाबाईंचं पत्र आणि दोन जहाजं

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जानेवारी 1943चं एक पत्र जपून ठेवलं आहे. आयोवातल्या वॉटर्लू गावच्या अलेटा सलिव्हन यांनी ते नौदलाला लिहिलं. आपले पाचही मुलगे नोव्हेंबरात मारले गेले, अशी बातमी गावभर झाली आहे. खरं काय ते कळवा, एवढंच मागणं. जॉर्ज, फ्रान्सिस, जोसेफ, मॅडिसन, अल्बर्ट अशी पाचही नावं त्यांनी ओळीनं लिहिली. मुलांचं शेवटचं पत्र 8 नोव्हेंबरचं. तसदी दिल्याबद्दल दिलगिरीसुद्धा आहे. आणि मधेच हेही की, पोर्टलंडला ‘तवासा’ जहाजाचं नामकरण माझ्या हातून व्हायचंय. मुलांचं काही बरंवाईट झालं असलं तरी मी ते करीन, त्यांचीच तशी इच्छा होती.

पाचही भाऊ ज्या ‘जूनो’ क्रूझरवर होते, ती 13 नोव्हेंबर 1942 रोजी ग्वाडलकनालच्या लढाईनंतर जपानी टॉर्पेडोनं बुडाली होती. अखेर वाचले फक्त दहा जण. युद्धातली गुप्तता म्हणून घरच्यांना दोन महिने काही कळवलं नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलं. त्यात मुलं ‘बेपत्ता’ आहेत. पण त्याच पत्रातून कळतं की नामकरणाचा मान अलेटाबाईंना मार्च 1942 मध्येच दिला होता. म्हणजे शब्द दिला तेव्हा पाचही जण हयात होते. तो अलेटाबाईंनी पुढच्या फेब्रुवारीत पाळला. ‘तवासा’ साधी टग, दुसरी जहाजं ओढून नेणारी. इतिहासात तिचा उल्लेख ओझरता येतो. मला मात्र तोच प्रसंग थोर वाटतो.

गाजलं ते दुसरं जहाज. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेथलेहेम गोदीत 10 ऑक्टोबर 1942 रोजी ‘पुटनम’ या विनाशिकेची बांधणी सुरू झाली, तेव्हा भाऊ ‘जूनो’वर होते. 6 फेब्रुवारी 1943 रोजी तिचं नाव बदलून ‘द सलिव्हन्स’ ठरलं. मान एकाचा नव्हे, पाचांचा, हे त्या अनेकवचनातून दिसावं म्हणून. 4 एप्रिलला जलावतरण झालं. नामकरण केलं अलेटाबाईंनीच.

दोन्ही जहाजांच्या सरकारी नोंदीत त्या ‘मिसेस थॉमस सलिव्हन’ आहेत. जानेवारीतल्या त्या पत्राखालची सही मात्र ‘मिसेस अलेटा सलिव्हन’ अशी आहे.