राजा आर्थरच्या दरबारातला यँकी आणि त्याचे वाचक

आजच्या काळातला माणूस अचानक मध्ययुगात जाऊन पडतो, ही कल्पना आता सिनेमा-मालिकांनी इतकी वापरली आहे की तिच्यावरून कधीकाळी दोन देशांचे वाचक हमरीतुमरीवर आले होते, हे खरे वाटत नाही. मार्क ट्वेनची 'अ कनेटिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' डिसेंबर १८८९ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध झाली. एच. जी. वेल्सचे 'द टाइम मशीन' यायला अजून सहा वर्षे होती. ट्वेनकडे यंत्र नाही. त्याचा नायक हँक मॉर्गन हा हार्टफर्ड गावच्या कोल्ट शस्त्रकारखान्यातला मुख्य मुकादम. एका दांडगट कामगाराशी मारामारी होते, डोक्यात पहारीचा तडाखा बसतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो इसवी सन ५२८ मधल्या कॅमलॉटजवळ असतो.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. सूर्यग्रहणाची वेळ पाठ असल्यामुळे हँक जिवंत जळण्यापासून वाचतो, मर्लिन जादूगाराला मागे सारतो आणि राजाचा कारभारी होऊन बसतो. लोक त्याला 'बॉस' म्हणू लागतात. तो पेटंट कचेरी काढतो, शाळा काढतो, तारा ओढतो, टेलिफोन आणि वर्तमानपत्र सुरू करतो. चिलखती सरदारांच्या अंगावर साबणाच्या जाहिराती लटकवून त्यांना गावोगाव फिरवतो. शेवटी धर्मसत्ता उलटते, सारा देश त्याच्याविरुद्ध जातो आणि हँक बावन्न पोरांच्या साथीने एका गुहेत मोर्चा बांधतो. विजेच्या तारा, सुरुंग आणि तेरा गॅटलिंग तोफा. लढाई संपते तेव्हा बाहेर पंचवीस हजार माणसे मरून पडलेली असतात आणि त्यांच्या कुजण्याने विषारी झालेल्या हवेत जिंकणारेही आजारी पडून मरू लागतात.

विनोदी साहसकथा म्हणून हातात घेतलेले पुस्तक असे संपावे, याची तयारी वाचकाची नसते. बहुधा लेखकाचीही नव्हती. १८८४ च्या डिसेंबरात ट्वेन जॉर्ज वॉशिंग्टन केबल या लेखकमित्राबरोबर व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता. रॉचेस्टर गावात त्याच्या हाती सर थॉमस मॅलरीचे 'ल मोर्त दार्थर' आले. त्या वाचनातून वहीत जी नोंद उतरली ती निव्वळ गमतीची होती. आपण चिलखतात अडकलो आहोत, खिसे नाहीत, नाक शिंकरता येत नाही, खाजवता येत नाही. १८८६ मध्ये त्याने सुरुवातीचा भाग जाहीरपणे वाचून दाखवला, तेव्हा एका जुन्या स्नेही बाईंना पत्र लिहून कळवले की मॅलरीच्या थोर पात्रांना मी डाग लावणार नाही.

मधल्या तीन वर्षांत पुस्तकाचा नूर पालटला. कामगार संघटनांच्या चळवळी ट्वेन जवळून पाहत होता आणि त्यांच्या बाजूने बोलत होता. शिवाय १८८८ मध्ये मॅथ्यू आर्नल्डने अमेरिकी संस्कृतीवर निबंध लिहिला. त्या देशात आदरभाव नाही, माणसाला उंचीवर नेणारे काही नाही, आणि त्यांची वर्तमानपत्रे तर पाहायलाच नकोत, असा त्याचा सूर. ट्वेनला हे फार झोंबले. सहाव्या शतकातली गंमत आता इंग्लंडच्या राजसत्तेला, सरदारकीला आणि चर्चला दिलेले उत्तर झाली. इंग्लंडमधल्या प्रकाशकाला, चॅटो अँड विंडसला, त्याने बजावले की मजकुरात फेरफार करायचा नाही. तिकडे पुस्तक 'अ यँकी ॲट द कोर्ट ऑफ किंग आर्थर' या नावाने निघाले.

अमेरिकेत ते आनंदाने वाचले गेले. विल्यम डीन हॉवेल्स हा त्या काळचा सर्वांत वजनदार समीक्षक आणि ट्वेनचा मित्र. जानेवारी १८९० च्या 'हार्पर्स'मध्ये त्याने लोकशाहीचा धडा म्हणून पुस्तकाचे स्वागत केले. पण तो स्वागतावर थांबला नाही. आर्थरच्या काळातला गुलामांच्या घामावर पोसलेला सरदार आणि आजच्या अमेरिकेत कमी मजुरीवर राबवून श्रीमंत होणारा भांडवलदार हे मुळात एकच, असे त्याने लिहिले. म्हणजे इंग्लंडकडे रोखलेली बंदूक मित्रानेच पहिल्या महिन्यात घराकडे वळवली. 'बॉस्टन हेरल्ड'मध्ये लिहिणारा सिल्व्हेस्टर बॅक्स्टर हा एडवर्ड बेलमीच्या समतावादी चळवळीतला. त्यालाही पुस्तक आपल्याच बाजूचे वाटले. त्याच हिवाळ्यात ब्राझीलची राजेशाही कोसळली होती, त्यामुळे सिंहासने गडगडण्याचा विषय हवेतच होता.

डॅन बेअर्डच्या दोनशेहून अधिक चित्रांनी हा अर्थ आणखी पक्का केला. त्याने मर्लिनला राजकवी टेनिसनचा चेहरा दिला आणि गुलामांच्या व्यापाऱ्याला अमेरिकी धनाढ्य जे गुल्डचा. ट्वेन या चित्रांवर खूश होता. टेनिसन तेव्हा हयात होता आणि आर्थरवरच्या त्याच्या काव्यमालेवर इंग्लंडच्या दोन पिढ्या वाढल्या होत्या, हे ध्यानात घेतले की पलीकडच्या काठावर काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको.

'डेली टेलिग्राफ'ने १८९० च्या जानेवारीत 'किंग आर्थर की जे गुल्ड?' अशा मथळ्याखाली समाचार घेतला. मुद्दा सोपा होता. आर्थर इतिहासात कसा होता हे बाजूला ठेवा. शौर्य, शब्दाला जागणे, दुर्बळांचे रक्षण या आदर्शांचे ते नाव आहे. त्याच्या जागी तुम्ही काय आणता आहात? रेल्वेचे शेअर फिरवणारा सटोडिया? हा आक्षेप केवळ दुखावलेल्या अभिमानाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण कादंबरीतच गोलमेजाचे सरदार पुढे शेअरबाजार चालवू लागतात आणि राज्याचा नाश त्यातल्याच एका व्यवहारातून सुरू होतो.

तरी टेलिग्राफच्या लेखकाने एक प्रकरण नीट वाचले असते तर बरे झाले असते. राजा वेष बदलून हँकबरोबर रयतेत फिरतो. देवी आलेल्या एका झोपडीत हँक त्याला आत येऊ नको म्हणतो. राजा ऐकत नाही. मरणाच्या दारातल्या मुलीला दोन्ही हातांवर उचलून तो तिच्या आईपाशी आणतो. हँकसारखा टवाळ माणूसही तिथे मान झुकवतो. आर्थरची थोरवी ट्वेनने नाकारलेली नाही. ती मुकुटामुळे येते, एवढेच नाकारले आहे. पुढे हे दोघे गुलाम म्हणून लिलावात उभे राहतात. हँकला नऊ डॉलर मिळतात, राजाला सात, आणि राजाला गुलामगिरीपेक्षा त्या किमतीचाच अपमान जास्त सलतो.

इंग्लंड एकमुखी मात्र नव्हते. डब्ल्यू. टी. स्टेडने आपल्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'मध्ये पुस्तकाची मुद्दाम दखल घेतली. त्याचे म्हणणे असे की नाजूक रुचीचे टीकाकार काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या काळजाला हा लेखक थेट हात घालतो. ट्वेनने स्वतः अँड्र्यू लँग या स्कॉटिश विद्वानाला पत्र लिहून हेच गाऱ्हाणे मांडले. मी सुसंस्कृतांना आणखी सुसंस्कृत करायला कधी लिहिले नाही. बहुसंख्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना मूठभरांच्या मापाने का मोजता? लँगने १८९१ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये ट्वेनवर लेख लिहिला आणि 'हकलबरी फिन'ची मनापासून स्तुती केली. यँकीबद्दल त्याने सांगितले की हे पुस्तक मी वाचणेच टाळले आहे, कारण या विषयाला लागणारे ज्ञान या लेखकापाशी नाही. न वाचता दिलेले मत प्रांजळपणे तसे सांगून देणारे समीक्षक दुर्मीळच.

गंमत अशी की १८९० च्या या वादात शेवटच्या कत्तलीची चर्चा फारशी नाही. वाचक राजेशाहीबद्दल भांडत होते, यंत्रांबद्दल नाही. पहिल्या महायुद्धात काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यामध्ये माणसे पडू लागली तेव्हा ती पाने वेगळी दिसू लागली. गॅटलिंग तोफा हार्टफर्डच्या त्याच कोल्ट कारखान्यात बनत होत्या, ज्यातून ट्वेनने आपला नायक उचलला होता. हँक हा शोधांनी भरलेल्या शहराचा मुलगा, आणि तोफ हा त्या शोधांपैकीच एक. १९६४ मध्ये हेन्री नॅश स्मिथने या कादंबरीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रगतीवर विश्वास ठेवून लिहायला बसलेल्या लेखकाचा विश्वास लिहिता लिहिता ढासळला, असे त्याचे वाचन. १९७९ मध्ये कर्ट व्हॉनेगटने हार्टफर्डच्या ट्वेनगृहात बोलताना याच शेवटावर बोट ठेवले. निरागस थट्टेतून आपण कुठे येऊन पोचलो हे पाहून हा विनोदी लेखक हादरला असेल, असे त्याला वाटत होते. दरम्यान बिंग क्रॉस्बीच्या १९४९ च्या गाणी-नाचांच्या सिनेमाने कत्तल वगळून टाकली होती. बहुतेकांच्या आठवणीतला यँकी हा तोच, हसरा.

आपल्याकडून पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. एक माणूस परक्या देशात येतो, तिथल्यांना अडाणी ठरवतो, तारा आणि शाळा आणतो, ग्रहणाची भीती घालून सत्ता मिळवतो आणि हे सारे त्यांच्याच भल्यासाठी आहे असे मनापासून मानतो. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली त्या प्रदेशातल्या वाचकाला हा माणूस ओळखीचा आहे. हँक आर्थरच्या प्रजेला गोरे इंडियन म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले आदिवासी असतात. इतिहास घडवणारे आणि ज्यांच्यावर तो घडतो ते, अशी वाटणी त्याने आधीच केलेली असते.

पण याच प्रदेशातला दुसरा वाचक मला तितकाच खरा वाटतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. जन्मावरून ठरणारी प्रतिष्ठा, धर्माच्या नावाने राखलेले अज्ञान आणि स्वतःच्या बेड्यांचा अभिमान बाळगणारी रयत यांवर हँक जे बोलतो, ते फुल्यांच्या वाचकाला परके वाटले नसते. जुने जग मोडायला बाहेरून कुणी आले तर दारच बंद करायचे, हा सल्ला ज्याला त्या जगात बसायला जागा होती तोच देऊ शकतो. या दोन वाचकांपैकी एकाला गप्प करून कादंबरी सोपी होते, पण मग ती अर्धीच उरते.

ट्वेन स्वतः १८९६ च्या जानेवारीत मुंबईला आला. त्याची प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये बुडाली होती आणि कर्ज फेडायला तो जगभर व्याख्याने देत फिरत होता. इथल्या हॉटेलात एका गोऱ्या माणसाने नोकराच्या तोंडात मारलेली त्याने पाहिली. नोकराने मुकाट सोसले. ते पाहून ट्वेनला आपले बालपण आणि तिथली गुलामगिरी आठवली, असे त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. हँक मॉर्गनला त्या खोलीत उभे केले तर तो कुणाच्या बाजूने बोलला असता, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

अनुवाद करायचा म्हटले की या सगळ्या मतांमधून वाट काढावी लागते. मॅलरीच्या इंग्रजीसाठी मराठीत काय घ्यायचे? बखरीची भाषा चटकन सुचते. पण ट्वेनच्या पुस्तकात ते जुने गद्य ऐकून अख्खा दरबार पेंगतो, आणि आपल्याकडे बखरीची लय ऐकताच वाचक ताठ बसतो. बखर वापरली की मराठी वाचक नकळत आर्थरच्या बाजूला जातो. पोथीतली पाल्हाळिक भाषा वापरली तर हँकच्या. सर्वनामांचे तर विचारूच नका. वेष बदललेल्या राजाला हँक गरिबासारखे चालायला, खांदे पाडायला, बोलायला शिकवतो आणि राजाला ते जमत नाही. इंग्रजीत हे प्रसंगांतून दाखवावे लागते. मराठीत एका 'तू'वर निभावते. राजा शेतकऱ्याच्या कपड्यांत उभा आहे आणि समोर येईल त्याला सहज 'अरे' म्हणतो आहे. ऐकणारा कपडे पाहतो, मग तोंडाकडे पाहतो, आणि त्याचीच जीभ 'जी' म्हणून जाते. शतकानुशतके वाकलेली ही जीभ कोणत्या शाळेने सरळ होणार, हा हँकचाही प्रश्न होता.

त्याचे उत्तर त्याला सापडले नाही. आर्थर मेल्यावर तो प्रजासत्ताक जाहीर करतो, सर्वांना समान हक्क देतो. लोक क्षणभर टोप्या उडवतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या धाकाने सरदारांमागे उभे राहतात. हँक संतापतो, त्यांची मेंढरे म्हणून संभावना करतो आणि तोफांकडे वळतो. राजेशाहीच्या बाजूने आणि विरुद्ध सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मते दिली गेली. त्या टोप्या उडवणाऱ्यांना मात्र कादंबरीत कुणी मत विचारले नाही. राजाने नाही, चर्चने नाही, आणि त्यांच्यासाठी प्रजासत्ताक आणणाऱ्या मुकादमानेही नाही. जुलूम मोडायला निघालेल्या प्रत्येक नव्या बॉसच्या काळात हे पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते, ते मला वाटते यामुळेच.