पोटातली चौदा इंजेक्शने आणि घरातला कुत्रा

काही महिन्यांपूर्वी एक वडील आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. घरात नवीन पिल्लू आणले होते, जेमतेम दोन महिन्यांचे. खेळता खेळता त्याचा दात मुलाच्या मनगटाला लागला आणि थोडे रक्त आले. वडिलांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागणार का?" आणि लगेच दुसरा, "पण घरचंच पिल्लू आहे हो, त्याला काय होणार?"

हे दोन प्रश्न मी तीस वर्षे ऐकतो आहे. पहिल्या प्रश्नात एक जुनी भीती आहे, दुसऱ्यात एक जुना गैरसमज. भीती आता निराधार आहे, पण ती पूर्वी खोटी नव्हती. गैरसमज मात्र आजही जीव घेतो. दोन्ही कुठून आले, हे कळले की घरातल्या कुत्र्यामांजराची काळजी कशी घ्यायची, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

लस नव्हती तेव्हा

रेबीज हा आजार माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे वर्णन आहे. पाण्याला घाबरणाऱ्या रोग्याचे लक्षणही तिथे दिले आहे आणि असा रोगी वाचत नाही, असेही म्हटले आहे. दुर्दैवाने ते निरीक्षण आजही खरे आहे. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे हा अपवादातला अपवाद.

उपाय नव्हता तेव्हा लोकांच्या हातात एकच मार्ग होता, तो म्हणजे कुत्रे मारणे. आपल्या मुंबईत इंग्रजी अमदानीत उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम निघत असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजही सामील झाले आणि फोर्ट भागातला बाजार बंद पडला. मुंबईच्या इतिहासात याला कुत्र्यांची दंगल म्हणतात.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. कुत्रे मारावेत की सांभाळावेत, हा आपल्याकडे रोज चालणारा वाद जवळपास दोनशे वर्षांचा आहे. त्यातून बाहेर पडायची वाट दंगलीतून निघाली नाही, ती प्रयोगशाळेतून निघाली.

पाश्चर आणि पोटातली पहिली टोचणी

६ जुलै १८८५. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला आणले गेले. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून त्यातले विष सौम्य करण्याची पद्धत शोधली होती आणि ती कुत्र्यांवर तपासली होती. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. त्यामुळे सुई टोचण्याचे काम डॉ. ग्रांशे यांनी केले. पहिली टोचणी पोटाच्या कातडीखाली दिली गेली. ११ दिवसांत एकूण १३ टोचण्या झाल्या. मुलगा वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच रखवालदार म्हणून कामाला लागला.

म्हणजे पोट आणि डझनभर सुया यांची जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. पोटच का? तिथली कातडी सैल असते आणि जास्त औषध मावते. आतड्याशी किंवा जठराशी त्याचा काही संबंध नसतो. सुई पोटात जात नाही, कातडीखाली जाते.

कसौलीची लस

त्या काळात भारतात चावा घेतला गेलेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी बोटीने पॅरिसला पाठवत. सामान्य माणसाला ते शक्य नव्हते. १९०० साली हिमाचलमधल्या कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि कार्बोलिक आम्लाने तो पूर्ण मारायचा. ही लस बाटलीत भरून दूर पाठवता येत असे. रोग्याला कसौलीपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेनेही पुढे ही लस बनवली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत ती मिळू लागली.

या लसीने असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगायला हवे. पण तिच्यात दोष होते. ताकद कमी, म्हणून मात्रा मोठी आणि रोज एक याप्रमाणे सात, दहा किंवा चौदा दिवस सुई. पोटावर गाठी येत, सूज येत असे. शिवाय लसीत मेंढीच्या मेंदूचा अंश असल्याने काही रोग्यांचे शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करी आणि पायांतली शक्ती जाई. असे क्वचित घडे, पण ज्या गावात एकदा घडले तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. चौदा इंजेक्शनांची भीती अशी तयार झाली.

या भीतीची किंमत

मी इंटर्न होतो तेव्हा विलगीकरणाच्या वॉर्डात एक विशीतला तरुण दाखल झाला. दोन महिन्यांपूर्वी घरच्या पिल्लाने त्याच्या बोटाला चावले होते. पिल्लू काही दिवसांनी मेले. घरच्यांनी जखमेवर चुना आणि तिखट लावले होते. पोटातल्या सुया नकोत म्हणून तो दवाखान्यात गेलाच नाही. आम्ही पाण्याचा पेला पुढे केला आणि त्याचा गळा आवळला गेला. पंख्याचा वारासुद्धा त्याला सहन होत नव्हता. तो पूर्ण शुद्धीवर होता, आमच्याशी बोलत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची आई मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "अहो, घरचंच पिल्लू होतं." माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते उत्तर म्हणजे हा लेख.

सुया कमी झाल्या

१९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की, ताडेउश विक्टर आणि स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी विषाणू मेंदूऐवजी प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवला. मेंदूचा अंश नाही, म्हणून तो धोकाही नाही. इराणमध्ये पिसाळलेले कुत्रे आणि लांडगे चावलेल्या ४५ जणांना ही लस दिली आणि ४५ ही जण वाचले. १९७६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मेंढीच्या मेंदूची लस बनवणे डिसेंबर २००४ मध्ये थांबले.

आज दंडाच्या स्नायूत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी अशी पाच इंजेक्शने देतात, किंवा कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी अगदी थोडी लस देतात. पोटात काहीही टोचत नाहीत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनाही ही लस निर्धोकपणे देता येते.

खरी भिंत कुत्र्याच्या अंगात

माणसाची लस सुधारली, तरी कुत्र्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसांमधले ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होते. म्हणजे आपण नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसलो होतो.

हा नळ बंद करता येतो, हे जपानने दाखवले. उमेनो आणि दोई या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये कुत्र्यांसाठी एकाच टोचणीची लस जगासमोर मांडली. १९५० मध्ये जपानने कायदा केला, त्यानुसार प्रत्येक कुत्र्याची नोंदणी आणि नियमित लस सक्तीची झाली. १९५७ मध्ये तिथला शेवटचा रेबीजग्रस्त प्राणी नोंदला गेला. कायदा झाल्यापासून अवघी सात वर्षे!

इतके लांब जायलाही नको. आपल्या शेजारी गोव्यात गेल्या दशकात सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून गल्लीगल्लीतल्या कुत्र्यांना लस दिली. माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू काही वर्षांतच शून्यावर आले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. तुमच्या घरातला कुत्रा त्या ७० टक्क्यांत आहे की उरलेल्या ३० टक्क्यांत, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या घरात काय करायचे

घरच्या कुत्र्याला पट्टा आहे, तो गादीवर झोपतो, म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. लस दिली आहे म्हणून तो सुरक्षित असतो. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यांकडून रेबीजची पहिली लस द्या. नंतरची मात्रा आणि दरवर्षीची लस त्यांनी सांगितलेल्या तारखेला द्या. कार्ड जपून ठेवा. मांजरालाही लस हवीच. मांजर ओरबाडते, आणि रात्रभर बाहेर कुठे होते, हे ते सांगत नाही.

आंघोळ, विंचरणे, नखे कापणे याला हल्ली ग्रूमिंग म्हणतात. बरेच जण ते दिसण्यासाठी करतात. माझ्या दृष्टीने ती आठवड्याची तपासणी आहे. विंचरताना केस मागे सारून कातडी बघा. कुठे दाताची खूण, ओरखडा, न भरलेली जखम आहे का? असेल तर तो बाहेर कुणाशी तरी भांडला आहे. जखमेला हात लावण्याआधी हातमोजे घाला आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा, लस दिलेली असली तरी. कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड व पिसवा शोधा. केस गळून गोल चट्टा पडला असेल तर ते गजकर्ण असू शकते, आणि ते घरातल्या मुलांनाही होते. नखे बोथट ठेवली तर खेळातले ओरखडे कमी होतात. आंघोळीला प्राण्यांसाठीचाच शांपू वापरा, आपला त्यांच्या कातडीला मानवत नाही. जंतांचे औषध वेळेवर द्या. आणि आपल्या घरातली औषधे मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

एक महत्त्वाची गोष्ट. एरवी अंगावर उड्या मारणारा कुत्रा अचानक कोपऱ्यात दडून बसला, कारण नसताना चावू लागला, लाळ गाळू लागला, आवाज बदलला किंवा गिळता येईनासे झाले, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला वेगळे ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

चावलेच तर

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. या विषाणूवर चरबीचे आवरण असते आणि साबणाने ते विरघळते. हे काम दवाखान्यात पोहोचण्याआधी घरीच व्हायला हवे.

२. तिखट, चुना, तेल, हळद काहीही भरू नका.

३. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त आले असेल किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यांत वा तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लस काम करू लागेपर्यंत ते संरक्षण देते.

४. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस सुरू करायला दहा दिवस थांबू नका. तो दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांचे काय करायचे, हे डॉक्टर ठरवतील.

५. बरे वाटते म्हणून मधली तारीख चुकवू नका.

सुरुवातीच्या त्या मुलाकडे परत येतो. पिल्लू लसीच्या वयाचे नव्हते आणि रक्त आले होते, म्हणून मुलाला सरकारी रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन आणि लस दोन्ही मिळाले. दंडातले इंजेक्शन संपल्यावर तो म्हणाला, "एवढंच?" दहा दिवसांनी पिल्लू वडिलांची चप्पल चावत घरभर पळत होते. तीन महिन्यांचे झाल्यावर त्यालाही लस मिळाली. वडिलांनी त्याचे कार्ड मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवले आहे. मला ही पद्धत फार आवडली.

पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. दरवर्षी तो दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. पण तुम्ही तोवर थांबू नका. हा लेख वाचून झाला की उठा आणि तुमच्या कुत्र्यामांजराचे कार्ड काढून शेवटच्या लसीची तारीख बघा. वर्ष उलटून गेले असेल तर उद्याच पशुवैद्यांना फोन करा.