सहा तासांचा कोळसा

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तो जवळपासही नाही. पैनगंगा, वर्धा, अरुणावती, बेंबळा या आमच्या नद्या. त्यांत पावसाळ्याचे चार महिने डोंगा चालतो, आणि उन्हाळ्यात पोरे वाळूवर विटीदांडू खेळतात. अशा मुलखातल्या माणसाने आगबोटीच्या कोळशाचा हिशेब मांडायला बसावे, ही वरवर पाहता विचित्र गोष्ट आहे. परंतु तिला दोन कारणे आहेत. एक म्हणजे समुद्र नसला तरी कोळसा आमच्या घरचा आहे. वणी तालुक्यात राजूरच्या बाजूला तो जमिनीखाली पसरलेला आहे. दुसरे कारण माझे मामा. ते यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या गाडीवर फायरमन होते.

त्या गाडीला लोक पुढे शकुंतला म्हणू लागले. अडीच फुटी रूळ, किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कारभाराखालची कंपनी, आणि वऱ्हाडातला कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेऊन टाकायचा हे काम. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले एक इंजिन तिच्यावर १९२३ पासून धावत होते आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची सुट्टी होऊन तिथे डिझेलचे इंजिन आले. आता गाडीच बंद आहे. सत्तर वर्षे एकाच इंजिनाने इमाने इतबारे चाकरी केली ही गोष्ट वर्तमानपत्रांनी पुष्कळ आळवली. पण ते इंजिन रोज किती खात होते आणि किती पीत होते, हे कुणी विचारले नाही. मामांना मात्र तेवढेच ठाऊक होते. यवतमाळहून निघताना ते कोळशाच्या ढिगाकडे एक नजर टाकीत आणि दारव्हा, कारंजा असे टप्पे मनात मोजीत. त्यांचा एक सिद्धान्त होता : कोळशापेक्षा पाणी आधी दगा देते. कोळसा कमी पडला तर गाडी हळू चालवता येते. पाणी संपले तर आग बाहेर ओढून टाकावी लागते, नाहीतर बॉयलर जातो. सिद्धान्त ऐकून मी मान डोलवीत असे. त्याचे खरे वजन मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, 'ह्यू लिंडसे' या बोटीची हकीगत वाचताना.

ही बोट मुंबईची. १४ ऑक्टोबर १८२९ रोजी मुंबईच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. बांधणारे नवरोजी जमशेटजी वाडिया. लाकूड सागवानी, भार ४११ टन, आणि आत विलायतेहून आणलेली ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे. दोन्ही बाजूंना पाणचक्क्यांसारखी मोठी चाके, शिवाय डोलकाठ्या आणि शिडेही. कारण त्या काळी नुसत्या वाफेवर विश्वास टाकून समुद्रात जाण्याइतका वेडा कोणीच नव्हता. नाव दिले ते कंपनी सरकारच्या एका डायरेक्टराचे. त्यात थोडी खुशामत होती असे मला वाटते, कारण विलायतेतल्या डायरेक्टर मंडळाला हा सारा खटाटोप पसंत नव्हता. तांबड्या समुद्राने वाफेवर टपाल न्यावे ही सूचना मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२३ सालीच केली होती. तिचा पाठपुरावा त्यांच्या मागून आलेल्या सर जॉन माल्कम यांनी केला.

डायरेक्टरांच्या नापसंतीला आधारही होता. १८२५ साली 'एंटरप्राइझ' नावाची आगबोट इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्याला आली होती. सत्तर दिवसांत येणाऱ्या आगबोटीसाठी कलकत्तेकरांनी लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. तिला लागले ११३ दिवस, आणि त्यांतही यंत्र चालले ते साठाहून थोडे अधिक दिवस. उरलेला प्रवास शिडांवर. तेव्हा यंत्र नव्हे, कोळसा हीच खरी अडचण आहे, हे जाणत्यांच्या ध्यानात आले होते.

आता मुंबई ते एडन हे अंतर घ्या. सुमारे १६४० सागरी मैल. वाटेत कोळशाचे ठाणे नाही, मदतीला हाक मारावी असे काही नाही. 'ह्यू लिंडसे'च्या पोटात कोळसा मावेल अशी सोय केलेली होती ती साडेपाच दिवसांची. एडनला लागणार होते अकरा दिवस. म्हणजे बोट जशी बांधली तशी निघाली असती, तर बरोबर अर्ध्या वाटेवर, भर अरबी समुद्रात, तिची आग विझली असती.

येथे मी थोडा हिशेब मांडतो. कंटाळा येईल त्याने हा परिच्छेद सोडून पुढे जावे. त्या काळच्या यंत्रांना दर अश्वशक्तीमागे तासाला आठ ते दहा पौंड कोळसा लागे, असे जुने यंत्रशास्त्राचे ग्रंथ धरून चालतात. नऊ धरू. १६० अश्वशक्तीला तासाला १४४० पौंड झाले. दिवसाचे साडेपंधरा टन. साडेपाच दिवसांचे पंचाऐंशी टन, अकरा दिवसांचे एकशे सत्तर टन. हे आकडे माझे आहेत, जहाजाच्या नोंदवहीतले नव्हेत. परंतु ४११ टनांच्या बोटीवर एवढा काळा डोंगर चढवायचा म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून दिले. आणि दाबाचे बॉयलर तेव्हा समुद्राच्याच पाण्यावर चालत. आत मीठ साचू नये म्हणून ठराविक वेळाने उकळते खारे पाणी बाहेर सोडून द्यावे लागे. त्याबरोबर उष्णताही जाई, म्हणजे पुन्हा कोळसाच जाई.

तेव्हा कमांडर जॉन विल्सन याने काय केले, तर जिथे जागा दिसली तिथे कोळसा भरला. तळात, खोल्यांत, डेकवर. प्रवासी नावापुरता. साडेअकरा फूट पाण्यात बसायची ती बोट साडेतेरा फूट बसली, आणि मागची कड पाण्याला टेकली. २० मार्च १८३० रोजी ती या अवस्थेत मुंबई बंदरातून बाहेर पडली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या दर्यावर्दी लोकांच्या मनात काय आले असेल ते आलेच असेल.

यातली खरी गंमत, किंवा खरा पेच, पुढे आहे. बाजूच्या चाकांच्या आगबोटीला पाण्यात किती खोल बसावे याचे प्रमाण ठरलेले असते. फार खोल बसली, की चाकांच्या फळ्या पाण्यात बुडून जातात. यंत्राची अर्धी ताकद पाणी वर उपसण्यात आणि खाली दाबण्यात जाते, चाल मिळत नाही. म्हणजे जास्त कोळसा नेला म्हणून सुरुवातीला जास्त कोळसा जळतो. जसजसा तो जळेल तसतशी बोट हलकी होऊन वर येते आणि मध्यावर कुठेतरी चार-पाच दिवस ती उत्तम चालते. शेवटी इतकी वर येते, की समुद्र जरा हलला तर एक चाक पाण्यात आणि एक हवेत. उंटाच्या पाठीवर उंटाचाच चारा लादून वाळवंट ओलांडायचे, तशातली ही गोष्ट. चारा वाढवावा तर उंट बसतो. कमी करावा तर उंट मरतो.

दहा दिवस आणि एकोणीस तासांनी बोट एडनला लागली. तासाला सरासरी सव्वासहा मैलांच्या जरा वरची चाल पडली. तळघरात कोळसा उरला होता सहा तासांचा.

सहा तास म्हणजे अडतीस मैल. सोळाशे चाळीस मैलांच्या वाटेवर शिल्लक अडतीस मैलांची. शेकडा अडीचसुद्धा धड नाही. आमच्याकडचा शेतकरी बियाणे विकत घेताना याहून अधिक धरतो.

हे मी एकदा मामांना सांगितले. तेव्हा ते निवृत्त होऊन ओट्यावर बसत असत. मला वाटले होते, की ते विल्सनची तारीफ करतील. मामांनी तंबाखू मळता मळता विचारले, "वारा कोन्या बाजूनं होता?"

मी म्हटले, "मार्च महिना. ईशान्येकडचा असणार, म्हणजे मागून."

"मंग तो हिशेबानं नाई गेला बाबू, वाऱ्यानं गेला. सहा तासाचा कोयसा उरला म्हंजे उरला काय? एक दिवस वारा फिरला असता, तं?"

मी विल्सनची बाजू घेऊन बोललो. म्हणालो, त्याने महिना पाहूनच निघायचे ठरवले, तोही हिशेबच. मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "वापस याचा कोयसा कोठी होता?"

या प्रश्नाला मात्र उत्तर होते, आणि ते मोठे विनोदी होते. परतीचा कोळसा, आणि पुढे सुएझपर्यंत जायचा कोळसा, आधीच शिडाच्या जहाजांनी एडन, मोखा, जेद्दा आणि कोसेर या ठिकाणी नेऊन टाकलेला होता. तो कोळसा मूळचा विलायतेचा. म्हणजे तो इंग्लंडहून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस यायचा, मुंबईहून शिडाच्याच जहाजाने तांबड्या समुद्रात जायचा, आणि मग शिडांना मागे टाकण्यासाठी आगबोटीने तो जाळायचा. एडनला तो चढवायला पुरेसे मजूर मिळेनात, तिथेच काही दिवस मोडले. बोट २२ एप्रिलला सुएझला पोचली. मुंबईपासून तेहतीस दिवस. त्यांतले यंत्र चालले ते एकवीस दिवस, बाकीचे बहुतेक कोळसा भरण्यात गेले. डायरेक्टर मंडळी खर्च पाहून संतापली. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात माल्कमसाहेब गव्हर्नरपदावरून उतरून मायदेशी निघाले, ते याच बोटीने. आपण लावलेल्या झाडाची फळे आपणच चाखावीत तसे.

पुढचा इतिहास या सहा तासांतून निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण इतिहासाला एकच कारण कधी नसते. एवढे खरे, की अकरा दिवस कोळसा वाहून नेणे परवडत नाही हे कळल्यावर वाटेत आपले हक्काचे ठाणे हवे, ही भाषा सुरू झाली. आणि जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्स याने तोफा डागून एडन घेतले. निमित्त एका लुटलेल्या जहाजाचे होते. कोळशाच्या वखारीची गरज ही त्यामागे उभी होतीच. नकाशावर पाहिले तर पुढची शंभर वर्षे ब्रिटिश साम्राज्याची ठाणी कोळशाच्या टप्प्याटप्प्यांवर ठेवलेली दिसतात, जशी आमच्या गाडीची पाण्याची टाकी.

कोळसा जास्त न्यायचा तर बोट मोठी हवी, हे उत्तर ब्रुनेल या इंजिनियरने दिले. बोटीची लांबी-रुंदी-खोली दुप्पट केली, तर पोट आठपट होते, पण पाण्याचा विरोध सुमारे चौपटच वाढतो. त्याची 'ग्रेट वेस्टर्न' एप्रिल १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पंधरा दिवसांत पोचली, तेव्हा तिच्यात सुमारे दोनशे टन कोळसा शिल्लक होता. विद्वान मंडळी असा प्रवास थेट होणे कठीण असे सांगत होती. पुढे १८६०च्या सुमारास वाफ दोनदा वापरणारी यंत्रे आली, आणि नऊ पौंडांचे काम सव्वादोन-अडीच पौंडांत होऊ लागले.

आणखी एक गोष्ट त्या काळच्या कप्तानांना अनुभवाने कळत होती, ती आजच्या डिझेलच्या नौकेलाही तशीच लागू आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. वेळ निम्मा लागतो, म्हणून मैलामागे इंधन चौपट. उलट वेग दहांश कमी केला, तर मैलामागे जवळजवळ पाचवा हिस्सा इंधन वाचते. म्हणून आजचे नावाडी टाकीचे तीन वाटे करतात : एक जाण्याचा, एक येण्याचा, एक न मोजायचा. टाकीच्या काट्यावर विश्वास न ठेवता पट्टी बुडवून पाहतात. विल्सनचा शेवटचा दिवस असा असेल का, की त्याने आग कमी करून चाल उतरवली आणि त्यातून हे सहा तास वाचवले? मला तसे वाटते. कारण बिनहिशेबी माणसाचा कोळसा सहा तास आधी संपतो.

राहता राहिला आमचा वणीचा कोळसा. त्याचा मी एकदा गमतीने हिशेब केला. त्यात वेल्श कोळशापेक्षा ओलावा जास्त, राख जास्त, कस कमी. कस चौथाईने कमी धरला आणि तेवढेच वजन 'ह्यू लिंडसे'वर चढवले, तर बोट साडेबाराशे मैलांच्या पलीकडे फारशी जात नाही. एडन सुमारे पावणेचारशे मैल राहते, आणि कप्तानाला शिडे उभारून वाऱ्याची वाट पाहावी लागते.

हे मामांना सांगितले तेव्हा ते हसले. राजूरच्या कोळशाची त्यांना चांगली ओळख होती. "राख लय होते," ते म्हणाले, "फावडं हातातून खाली ठेवू देत नाई." मग त्यांनी मला विचारले, की त्या बोटीवर कोळसा टाकणारे किती जण होते आणि मार्च महिन्यात त्या तळघरात उकाडा किती होत असेल. त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात मला सापडली नव्हती. मी तसे सांगितले. मामांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ओट्यावरून उठून आत गेले.